दवाखान्यातली ती पाटी कुणी लिहिली?

ऐकायला वेळ नसेल, किंवा एसटीत बसल्यावर रेंजच जात असेल, तर तुमच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलले तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय आहे एक पाटी.

बीडमध्ये, अंबाजोगाईत, माजलगावात, परळीत, कुठल्याही सोनोग्राफी सेंटरला जा. नंबर लावून बाकावर बसलात की समोर ती दिसते. इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, अशा अर्थाची. मी लहानपणापासून ती बघत आले. सरकारने लावायला सांगितली असणार, विषय संपला, असंच मला वाटायचं.

मागच्या वर्षी आईशी गप्पा मारताना जुना विषय निघाला. मी घरातली तिसरी मुलगी. जन्म १९९९चा. आईला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरातली मोठी माणसं म्हणायला लागली, "यावेळी एकदा बघून घेऊ." आमच्याकडे 'बघून घेऊ' एवढंच म्हणतात. काय बघायचं ते सगळ्यांना कळतं.

मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करणार? नाही म्हणाले आणि माहेरी निघून गेले. तू झाल्यावरच परत आले."

"पण आई, तेव्हा कायदा होता ना!"

आई हसली. "होता का? मला कुणी सांगितलाच नाही गं."

मग मी शोधायला लागले. कायदा होता तर आला कुठून? आणि आईपर्यंत का पोचला नाही? जे सापडलं त्याने मी थक्क झाले. हे मशीन आपल्या गावात सरकारने आणलं नाही, आणि त्याला लगाम घालायची सुरुवातही सरकारने केली नाही. दोन्ही कामं सरकारबाहेरच्या लोकांनी केली. एका बाजूला कंपन्या, खाजगी दवाखाने, एजंट. दुसऱ्या बाजूला मूठभर कार्यकर्ते, डॉक्टर, वकील, आणि काही गरोदर बायका.

आधी मशीनची गोष्ट

सोनोग्राफीचा शोध काही वाईट हेतूने लागला नव्हता. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला आवाजाच्या लहरी वापरतात, हे त्यांनी पाहिलं. तीच युक्ती माणसाच्या पोटावर करून बघितली आणि १९५८ साली त्याचा निबंध प्रसिद्ध केला. आज बाळ आडवं आहे का, जुळं आहे का, वार खाली सरकली आहे का, हे सगळं सोनोग्राफीमुळे वेळेत कळतं. कितीतरी बाळंतिणींचा जीव त्यामुळे वाचतो. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मशीनलाच शिव्या देणार नाही.

भारतात मुलगा-मुलगी ओळखायचा धंदा मात्र सोनोग्राफीच्या आधी सुरू झाला, तो सुईने. गर्भाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासायचं, ही गर्भजल परीक्षा. १९७०च्या दशकाच्या मध्यात दिल्लीच्या एम्समध्ये तिचा अभ्यास सुरू झाला, तो बाळातले आनुवंशिक दोष शोधायला. पण या परीक्षेत लिंगही कळतं, हे लोकांच्या लक्षात आलं. मुलगी म्हटलं की गर्भपात करून मागायला लागले. दशक संपायच्या आत सरकारने सरकारी दवाखान्यांत लिंगनिदान बंद केलं.

फक्त सरकारी दवाखान्यांत! खाजगीवर काहीच बंधन नव्हतं. म्हणजे बंदी आली आणि सगळं गिऱ्हाईक खाजगीकडे गेलं. आज थोडे पैसे खर्च करा, उद्या हुंड्याचे लाखो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागायला लागल्या.

मुंबईतली मूठभर माणसं

१९८५च्या सुमारास मुंबईत काही लोक एकत्र आले. स्त्री संघटनांमधल्या बायका, लोकविज्ञान चळवळीतले तरुण, डॉक्टर, वकील, संशोधक. त्यांनी लिंगनिदान आणि लिंगनिवडीच्या विरोधात एक मंच उभा केला. विभूती पटेल, मनीषा गुप्ते, रवींद्र आर. पी., अमर जेसानी, छाया दातार ही त्या काळातल्या या कामातली काही नावं. यांच्या हातात ना पद होतं, ना मतांचा गठ्ठा.

त्यांनी सभा घेतल्या, पोस्टर लावले, धरणं धरली, वर्तमानपत्रांत लिहिलं, आमदारांना गाठलं. समोरून येणारा युक्तिवाद काय होता माहितीये? एक, याने लोकसंख्या आटोक्यात येईल. दोन, नकोशी मुलगी जन्माला येऊन हाल होण्यापेक्षा हे बरं. आणि तिसरा तर कहर. मुली कमी झाल्या की बाजाराच्या नियमाने त्यांची किंमत वाढेल, हुंडा आपोआप बंद होईल! चांगली शिकलेली माणसं हे गंभीरपणे लिहीत होती.

या तिसऱ्या युक्तिवादाचं उत्तर आज आपल्या गावात येऊन बघा. तिशी ओलांडलेली, लग्न न जमलेली पोरं पारावर बसलेली असतात. लग्न जमवून देणारे एजंट लाखभर रुपये मागतात आणि चार दिवसांनी नवरी पळून गेल्याची तक्रार पोलिसांत जाते. मुलींची किंमत लागली खरी, पण ती एजंटच्या खिशात गेली. हुंडा तर आहेच.

असो. दबाव वाढल्यावर राज्य सरकारने डॉ. संजीव कुलकर्णी यांच्याकडून मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांचा अभ्यास करून घेतला. त्यातले ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजल परीक्षा करत होते. शंभरातले ८४! हे चोरून चाललेलं काम नव्हतं, हा राजरोस व्यवसाय होता.

शेवटी १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मग मागणी दिल्लीपर्यंत गेली, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो लागू झाला.

कागद मुंबईत, मशीन बीडमध्ये

इथपर्यंत ऐकून वाटेल की आंदोलन जिंकलं. पण आपल्या जिल्ह्याचे आकडे बघा. शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलांमागे मुली किती, हे जनगणना मोजते. निसर्गाच्या हिशोबाने हा आकडा साधारण ९५०च्या आसपास असायला हवा.

बीड जिल्ह्यात १९९१ साली तो ९३९ होता. २००१ साली ८९४ झाला. २०११ साली ८०७. महाराष्ट्रात सगळ्यात कमी.

नीट बघा. पहिला कायदा १९८८चा, दुसरा १९९४चा. आणि आपल्याकडची घसरण ही बहुतेक सगळी कायद्यानंतरची!

कारण १९९०च्या दशकात सोनोग्राफी मशीन स्वस्त झालं, लहान झालं, कर्जावर मिळायला लागलं. सुईसाठी मोठ्या शहरात जावं लागायचं, मशीन तालुक्याला आलं. कंपन्या विकत गेल्या, दवाखाने घेत गेले. कुठलं मशीन कुठे आहे, याची पूर्ण यादीच कुणाकडे नव्हती.

आणखी एक गोष्ट. बीड म्हटलं की बाहेरचे लोक लगेच म्हणतात, दुष्काळी जिल्हा, ऊसतोडीला जाणारी माणसं, अडाणीपणा. मला हे पटत नाही. मशीन घ्यायला लाखो रुपये लागतात, चालवायला डॉक्टरकीची पदवी लागते आणि तपासून घ्यायलाही रोख पैसे लागतात. यात अडाणी कोण होतं?

तीन अर्जदार

फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. अर्जदार तिघे. आरोग्यावर संशोधन करणारी मुंबईची 'सेहत' ही संस्था, पुणे जिल्ह्यात गावागावांत काम करणारी 'मासूम' ही संस्था, आणि डॉ. साबू जॉर्ज हे संशोधक. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कायदा आहे, पण तो राबवायचा कुणी मनावर घेतलेलं नाही.

न्यायालयाने राज्यांना फैलावर घेतलं. आणि एक मुद्दा असा आला की त्याने सगळं चित्र बदललं. मशीन बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं गेलं की मागच्या पाच वर्षांत तुम्ही मशीन कुणाकुणाला विकलं, त्याची यादी द्या. तोवर सगळे बाईच्या मागे होते, तिच्या सासूच्या मागे होते, समाजाच्या मानसिकतेवर भाषणं देत होते. आता प्रश्न विकणाऱ्याला विचारला गेला.

फेब्रुवारी २००३ पासून कायद्यात दुरुस्ती लागू झाली. नोंदणी नसलेल्या सेंटरला मशीन विकणं हाच गुन्हा झाला. गर्भ राहण्याआधीची लिंगनिवडही कायद्यात आली. आज सोनोग्राफीच्या आधी तुमच्याकडून जो फॉर्म भरून घेतात तो फॉर्म एफ. मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, अशी बाईची सही आणि मी सांगितलं नाही, अशी डॉक्टरची सही त्यात असते. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा हिशोब जमा करावा लागतो.

आता माझ्या आईची गोष्ट परत आठवा. १९९९ साली घरातून दबाव आला तेव्हा आडवं यायला फक्त तिचं एकटीचं 'नाही' होतं. तिला माहेर होतं, माहेरी ठेवून घेणारी माणसं होती, म्हणून ते 'नाही' टिकलं. ज्यांना नव्हतं त्यांचं काय? या लढ्याने नेमकं हेच ओळखलं. बाईवर सक्ती झाली असं कायदा आधी गृहीत धरतो, आणि जाब मशीनवाल्याकडून मागतो.

परळी

पण कागद आपोआप चालत नाही. तो चालवायला कुणीतरी दारात जावं लागतं.

साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'ने ते काम अंगावर घेतलं. पद्धत अशी: खरोखर गरोदर असलेली एखादी बाई तयार होते. गिऱ्हाईक म्हणून दवाखान्यात जाते. सोबत साक्षीदार, नंबर टिपून ठेवलेल्या नोटा, लपवलेला कॅमेरा. डॉक्टरने मुलगा-मुलगी सांगितलं की पंचनामा. ऐकायला सिनेमासारखं वाटतं. पण विचार करा, चार-पाच महिन्यांचं पोट घेऊन अनोळखी दवाखान्यात खोटं बोलायला जायचं आणि नंतर कोर्टात वर्षानुवर्षं साक्षीला उभं राहायचं. त्या बायकांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

२०१० साली या अभियानाने परळीत डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यावर असंच स्टिंग केलं. गुन्हा दाखल झाला. तिथेच हे थांबायला हवं होतं. नाही थांबलं. मे २०१२ मध्ये त्याच दवाखान्यात गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला. तिला आधीच्या चार मुली होत्या. राज्यभर आगडोंब उसळला. २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने मुंडे पती-पत्नीला १० वर्षांची शिक्षा दिली.

२०१० आणि २०१२. मधली दोन वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. बाहेरची माणसं दार वाजवू शकतात, आत काय चाललंय ते दाखवू शकतात. पण दाराला सील लावायचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याकडे असतो. ते काम ढिलं पडलं की दार वाजवणाऱ्याची मेहनत वाया जाते, आणि किंमत तिसरीच बाई मोजते.

हे जुनं झालं असंही समजू नका. २०२२ मध्ये बीडजवळच्या एका गावात बेकायदा गर्भपातात पुन्हा एका बाईचा जीव गेला, आणि तपासात एजंटची साखळी बाहेर आली.

डॉक्टर काय म्हणतात?

डॉक्टरांच्या संघटनाही सरकारबाहेरच्याच. त्यांचीही बाजू ऐकायला हवी. कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनला एक छोटं उपकरण जोडलं गेलं, 'सायलेंट ऑब्झर्व्हर'. झालेल्या प्रत्येक तपासणीचं चित्रण ते साठवून ठेवतं. म्हणजे मशीनवर पहारा करायला दुसरं मशीन, आणि तेही खाजगी कंपनीने बनवलेलं. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. पेशंटच्या खाजगीपणाचं काय, असा त्यांचा सवाल होता. २०११ मध्ये न्यायालयाने उपकरणाच्या बाजूने निकाल दिला.

दुसरी तक्रार अशी की फॉर्ममध्ये एखादा रकाना राहिला तरी गुन्हेगार ठरवतात. याच रागातून २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्टांनी संप केला. स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायालय म्हणालं, नोंदी हाच या गुन्ह्याचा मुख्य पुरावा आहे, त्यात सूट नाही. प्रामाणिक डॉक्टरला कागदाचा ताप होतो हे खरं आहे. पण बंद खोलीत दोन माणसांमध्ये झालेल्या एका इशाऱ्याचा दुसरा पुरावा कुठून आणायचा?

तिसरी गोष्ट खुद्द चळवळीतल्या बायका सांगतात. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द वापरू नका. गर्भपाताला हत्या म्हटलं की ज्या बाईला खरंच गर्भपाताची गरज आहे, तिला आणि तिच्या डॉक्टरला आपण गुन्हेगार ठरवतो. १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो लिंग बघून निवड करणं. परळीच्या प्रकरणानंतर भीतीने काही डॉक्टर कायदेशीर गर्भपातही टाळायला लागले, आणि मग बाई भोंदूकडे जाते. म्हणून शब्द जपून वापरायचा. मीही आधी तोच शब्द वापरायचे. आता 'लिंगनिवड' म्हणते.

आता ते मशीन खिशात आलंय

साबू जॉर्ज २००८ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. यावेळी समोर होते गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट. लिंगनिवडीच्या जाहिराती आता भिंतीवर नाही तर सर्चमध्ये दिसत होत्या. कंपन्या म्हणाल्या, आम्ही फक्त माहितीचा रस्ता आहोत, रस्त्यावर काय चालतं त्याला आम्ही जबाबदार नाही. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. २०१६ मध्ये ठरावीक शब्द आपोआप अडवायची सोय आणि तक्रारीसाठी केंद्रीय यंत्रणा करावी लागली.

आज आईच्या रक्ताच्या थेंबातून गर्भाची माहिती काढणारी चाचणी आहे. दहाव्या आठवड्याच्या आसपास ती करता येते. मोबाईलला जोडायचा सोनोग्राफी प्रोबही निघालाय. दोन्ही कायद्याच्या कक्षेत आहेत. पण १९८८ सालीही कागद तयार होता, आणि मशीन त्याच्या पुढे पळत होतं. त्यात २०२१ ची जनगणना पुढे गेली, म्हणजे ८०७ नंतर आपण कुठे पोचलो याचा जनगणनेचा आकडाही हातात नाही.

म्हणून शेवटची आणि कामाची गोष्ट. या कायद्याचं कलम २८ वाचा. नेमलेला अधिकारी तक्रार करत नसेल, तर कुठलीही व्यक्ती त्याला लेखी नोटीस देऊन, १५ दिवस थांबून, थेट कोर्टात तक्रार करू शकते. आणि 'व्यक्ती' म्हणजे सामाजिक संस्थासुद्धा, असं कलमातच लिहिलंय. जिल्ह्याच्या सल्लागार समितीतही सामाजिक कार्यकर्त्यांना आणि महिला संघटनेला जागा ठेवलेली आहे. या जागा कुणी भेट म्हणून दिल्या नाहीत, मागणाऱ्यांनी मागून घेतल्या. आपल्या तालुक्यात त्या जागेवर कोण बसतं, बैठक शेवटची कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. मी अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथेच सांगेन.

हा भाग रेकॉर्ड करून झाल्यावर आईला ऐकवला. तिने सगळा ऐकला. मग म्हणाली, "त्या मुंबईच्या बायका माझ्या आधीपासून नाही म्हणत होत्या की गं. मला वाटलं, मी एकटीच."

तुमच्या घरी 'बघून घेऊ' हा शब्द कधी कानावर आला होता का? आईला, मावशीला, आजीला विचारा. बोलायला तयार झाल्या तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.